आतून उघडतंय

आधी टेप काढला.
गाडीची रुंदी सहा फूट, वर चार बोटं.
मौनिका म्हणाली, "बोटं नाही अण्णा, सेंटिमीटर सांगा."
चाळीस वर्षं मी टॉवेलचा पन्हा बोटांनीच ओळखतो.
तिनं वहीत सेंटिमीटर लिहिले.

पिवळी. दोन माणसांची. पोट जमिनीपासून
वीतभरही वर नाही.
अशोक चौकातून घरी आणली त्या दिवशी
प्रत्येक गतिरोधकावर तिरकी होत, कण्हत आली,
मागं गल्लीतली पोरं:
ए लिंबू, ए लिंबू!

शर्यत कोइम्बतूरला. हजार किलोमीटर.
चालवत नेली तर शर्यतीआधीच टायर संपणार,
म्हणून ओढत न्यायची,
म्हणून ट्रेलर.

होटगी रोडला इलाहीभाईंकडे उघडा होता,
दोन पट्ट्या, चार चाकं, निम्मी किंमत.
"बांधा आणि निघा," म्हणाले.
मला पटलं होतं. खरं सांगायचं तर
किंमतीमुळं नाही.
विजापूर वेशीतून ती पिवळी जाताना
लोकांनी विचारावं, कुणाची हो?
आणि कुणीतरी सांगावं.

मौनिका बराच वेळ चाकाचा नट फिरवत राहिली.
"वाटेत खडीचे टिपर असतात, अण्णा.
आणि मला तिकडं बघू दे की लोकांना. ट्रॅकवर."

मला माझी पहिली परदेशी गठाण आठवली,
ताडपत्रीत बांधून पाठवलेली.
पाच महिन्यांनी परत आली,
पांढऱ्यावर चहाच्या रंगाचे नकाशे.
अजून तेच टॉवेल आम्ही फरशी पुसायला वापरतो.

चिंचोळीत मलकप्पा हत्तुरे बंद पेट्या बनवतो.
खडूनं शेडमध्ये चौकोन काढला,
एक फळी तिरकी लावली.
"उतार उभा झाला की नाक घासतंय बघा.
लांब घ्या. आणि वजन पुढच्या अंगाला पाहिजे,
नाहीतर शेपूट हलवतंय,
महाराष्ट्रात पण, कर्नाटकात पण."
दोन अॅक्सल. स्वतःचा ब्रेक.
ते मला कळलं. ताण चुकला की
मागावर पण तसंच होतं,
कापड एका बाजूला पळतं.

भिंती कुठून आणणार, म्हणून मी
कारखान्यातून टेम्पोभर गठाणी मागवल्या,
खडूच्या रेषेवर दोन्हीकडं रचल्या.
मौनिकानं हळूच गाडी आत घातली.
बरोबर बसली. मलकप्पानं टाळीसुद्धा वाजवली.
मग दार उघडलं
चार बोटं.
(इथं तिनं सेंटिमीटर सांगितले नाहीत.)

ती आत बसून हसत होती.
गठाणीमुळं आवाज दबलेला,
बाहेर मे महिना,
पत्र्याचं शेड तापून टणटण वाजत होतं.
तिनं हॉर्न दिला. एकदा. मग पुन्हा.

"खिडकीतून निघंल की, पोरगी हडकुळी हाय,"
मलकप्पा म्हणाला. "सगळे तसंच करतेत."
पेटी रुंद करावी तर आमची बोलेरो
गावागावात अडकणार.
मी म्हणालो, बाजूला दार काढ.
गाडीच्या दारासमोर. पूर्ण उघडणारं.
"अठरा हजार जास्तीचे होतेत, मालक."

सकाळपासून मी त्याच्याशी बिजागरीपर्यंत घासाघीस केलेली.
यावर काही बोललो नाही.

पेटी आली. पांढरी, कोरी.
पेंटर विचारत होता, नाव काय टाकू?
मौनिका म्हणाली, काही नको.
पोरांनी बाहेरून ठोकून बघितलं.
"काय आहे आत?"
"टॉवेल," मी म्हणालो.
त्यांनी पत्र्याला कान लावला
आणि एकमेकांकडं बघितलं. लिंबू.

रात्री ती झोपल्यावर
गाडी चढवायच्या आधीची रिकामी पेटी,
मी आत गेलो.
मागचा रॅम्प ओढून घेतला. बाजूचं दार लावलं.
अंधार, रंगाचा वास, माझाच श्वास.
कडी चाचपली.
एकदा उघडलं. लावलं.
पुन्हा उघडलं.