येत नव्हतीच

चियातुरात सगळं तारेवर लटकतं:
मँगनीजच्या काळ्या बादल्या, शाळकरी पोरं,
खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत जाणारे काचेचे डबे.
बंद पडलेल्या जुन्या स्टेशनच्या जिन्यावरून
ऑगस्टात पडले म्हणे मी.
म्हणे.
हल्ली माझ्या प्रत्येक वाक्याला ही शेपटी असते.

मला बीटाची चटणी आवडते म्हणे.
गणितात ढ, पोहण्यात पहिली.
आई एकेक फोटो पुढे धरते, तोंडी परीक्षेसारखा.
मी चुकले की आत जाते
आणि उगाच नळ सोडून ठेवते.

वर्गातली मुलं घोळक्यानं आली.
त्सोत्ने म्हणाला, तेकला, तू फार हसायचीस.
एलेने म्हणाली, छे, कधीच नाही,
म्हणून तर आवडायचीस.
मी अर्धं हसले.
सगळ्यांना बरं वाटलं.

रात्री फोन हातात घेतला.
आकडे मला आठवेनात, अंगठ्याला आठवले:
वर, तिरका, खाली, परत तिरका.
आत एकच नाव मी बंद करून ठेवलेलं.
बारबारे.
आईला विचारलं.
तिनं घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं.

मग ऑक्टोबरात एका शनिवारी
डब्यात बसून वर गेले.
दार उघडलं तिनं, कोपरापर्यंत द्राक्षाच्या रसानं माखलेली;
मागे दोऱ्यात ओवलेले अक्रोड,
चुलीवर दाट होत आलेला रस.

आठवते का मी, असं विचारलं नाही तिनं.
आजवर न विचारणारी ती पहिलीच.

म्हणाली, "आपण बोलत नव्हतो. एप्रिलपासून.
माझ्या भावानं तुला पत्र लिहिलं होतं,
तू ते वर्गात मोठ्यानं वाचलंस, त्याच्या चुकांसकट.
तो पोलंडला गेला. फोन करतो,
तुझं नाव काढत नाही."
रस ढवळला. "न सांगताही चाललं असतं.
दोन महिने तोच विचार करतेय."

मी उभी. कान तापलेले.
लोकांनी आणून दिलेल्या इतक्या गोड तेकला,
एकीचीही बाही मला पुरली नव्हती.
ही बसली. काखेत काचत होती,
पण बसली.

"मी तशी होते?"
"कधी कधी. बस ना, रस करपेल."

तिनं सुई दिली, दोरा दिला.
अक्रोड ओवता आले. शेवटची गाठ काही जमेना.
बोटं थांबली, डोळ्यांत पाणी आलं.
म्हटलं, हेही विसरले.

"नाही गं," बारबारे म्हणाली,
"ही तुला कधी येतच नव्हती."