मेटाचा डोंगर

डोंगर म्हणायला लाज वाटावी इतका ठेंगणा.
कणकुंबीकडून आलं तर दिसतसुद्धा नाही,
झाडीतून चालता चालता दम लागतो
तेव्हा कळतं, आपण चढतोय.

वर अंजनी, किंजळ, नाण्याचे दोन म्हातारे
आणि कारवीत गळ्यापर्यंत बुडालेला एक दगड.
अलीकडच्या अंगाला आकडा,
पलीकडच्या अंगाला मुकुट होता म्हणतात.
आता शेवाळ.

माझी नोकरी हा दगड बघून येण्याची.
महिन्यातून दोनदा.
वहीत कानडीत लिहायचं : आहे.

एकसष्ट सालापर्यंत इथं देश संपायचा.
म्हणजे जांभळीचं बूड आपलं,
पिकलेली फांदी पाखल्यांची,
आणि वाऱ्यानं पडतील ती जांभळं पोरांची.
खाली त्यांचं मेट, कौलारू,
तिथं एक कोवळा शिपाई, बाराही महिने तापानं फणफणलेला.
रात्री माणसं वाकून जायची,
सोनं, घड्याळं, मोटारींचे टायर,
टायर तर डोंगरावरून सोडूनच द्यायचे.
काहींची दुमजली घरं झाली.

आमच्या घरानं एकदाच चोरटा माल आणला.

आज्याची, लुमाण्णाची, बांडी म्हैस
गाभण होती. चरत चरत वर गेली
आणि दगड ओलांडून व्याली.
तिसऱ्या दिवशी लुमाण्णा काकवीचा तांब्या घेऊन मेटावर गेला,
पटका सोडून काखेत.
हवालदारानं कागद काढला, शिक्का मारला.
सत्तरीचा एक गावकर दुभाष्या होता, तो म्हणाला :
म्हैस तुझी, ने.
रेडकू इथं जन्मलं. ते पोर्तुगालचं.

लुमाण्णा हसला.
बाकी कुणीच हसलं नाही.

बांडी खाली आली, पण पान्हा चोरून बसली.
दिवेलागणीला वर तोंड करून ओरडायची,
वरून बारीक उत्तर यायचं.
तांब्याही तिकडंच राहिला, हे आज्याचं वेगळं दुःख.

चौथ्या रात्री आजीनं, द्वारकीनं, काष्टा खोचला.
"खटे चाललीस?"
"सरकारात."

कंदील नाही, पायात काही नाही.
उजाडता परतली ती खांद्यावर रेडकू घेऊन,
त्याच्या तोंडात तिच्या पदराचा बोळा,
दंडावर शिकेकाईच्या काट्यांच्या रेघा.
मेटावर कुणी जागं नव्हतं का, असं विचारलं
की आजी सुपातलं निवडत राहायची.
फार वर्षांनी एकदा म्हणाली,
त्या तापकरी पोरानं डोळे उघडले होते.
पाणी मागितलं बहुतेक, भाषा कुठं कळतेय.
दिलं.
दावं त्यानं सोडलं का मी,
ते काय आठवत नाही बघ.

पुढं मेट ओस पडलं. कौलं गावानं वाटून घेतली,
सतरा आमच्या गोठ्यावर आहेत, अजून गळत नाहीत.
रेडकाचा रेडा झाला, चिखलणीला जुंपला,
गाव त्याला फिरंगी म्हणायचं
आणि तो मान वळवायचा.

परवा साहेबांनी एक फोटो दाखवला,
झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातला, रात्रीचा.
माझा दगड. त्याला अंग घासणारी गवी,
आणि तिच्या पोटाखालून
पलीकडं निघालेलं वासरू,
मागचे पाय अजून आपल्यात.
ही गणतीत आपली धरायची का,
साहेब म्हणाले, गोव्यानंही मोजली असणार.

मी वही उघडली. तारीख घातली.
दगड : आहे.
गवी : एक.
वासराच्या रकान्यात जरा वेळ लागला.
मग लिहिलं : आईबरोबर.

साहेबांनी वाकून वाचलं
आणि कानडीत म्हणाले, आकडा लिही.