आधी कंदील

स्मरणिकेसाठी समितीनं यादी दिली.
चौदा अडते, तीन सरपंच,
आणि पेठेला लोखंडी फाटक देणारे एक दानशूर.
फोटो सगळ्यांचे होते. एकाचा तर घोड्यावरचा,
घोडा स्टुडिओवाल्याचा.

मी विचारलं, पेवात कोण उतरायचं?
समिती चहा पीत होती.

म्हणून मी हरिपूरला गेले, चिंचांच्या रस्त्यानं,
अंजिराबाईंच्या ओसरीवर बसले.
ऐंशीच्या पुढच्या. नखांच्या कडा अजून पिवळ्या.
म्हणाल्या, 'बायजाक्काचं लिवलंस का?
तिचं न्हाई, तर माझं कशाला लिवतीस?'

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली खोली.
तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं,
खाली मात्र हत्ती बसेल.
हळद तिथं वर्षानुवर्षं झोपायची,
कीड नाही, ओल नाही.
भाव चढला की तोंडावरची माती उकरायची
आणि कुणाला तरी दोरानं खाली सोडायचं.
आतली हवा हळदीनं खाऊन टाकलेली असायची.
हे खाली जाणाऱ्याला
खाली गेल्यावर कळायचं.

बायजाक्काचा नवरा असाच गेला.
त्याला काढायला उतरला तो दीरही.
शेठजींनी दोन पायली जोंधळा धाडला,
आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
शेजारचं पेव उघडायला माणसं बोलावली.

ती आली. हातात कंदील, खांद्यावर दोर.
बोलली नाही काही. कंदील खाली सोडला.
तीन हातांवर ज्योत बारीक झाली,
चौथ्यावर गेली.
मग ती पेवाच्या तोंडावरच बसली, पाय आत सोडून,
ओढ्याकाठी धुणं संपवून बसावं तशी.
'आज न्हाई. उद्या बगू.
उद्याबी इझला, तर परवा.'

शेठ म्हणाले, भाव पडतोय, बाई.
'पडू द्या की. त्यो पडून उठतोय.'

पहिला दिवस एकटीचा.
दुसऱ्या दिवशी खैरूनबीनं आपलं सूप पालथं घातलं,
मग हळूहळू पेठेतली साठ सुपं.
'तवा मी परकरात हुते,' अंजिराबाई म्हणाल्या,
'पाखडायचं थांबलं, आन् पयल्यांदा
पेठंत उभं ऱ्हाऊन नदी आईकली.'

चौथ्या दिवशी कंदील तळाला टेकला
तरी जळत राहिला.
ती उठली. पाय बधिर झालेले,
दोघींनी दोन बाजूंनी धरली.

तेव्हापासून आधी कंदील, मग माणूस.
कुठं लिहिलं नव्हतं, कुणी मोडलं नाही.
उतरलेली माणसं वर आली, घरी गेली, जेवली,
म्हातारी झाली.
त्यांचे नातू आज समितीत आहेत.

पेवं आता नाहीत म्हटलं तरी चालेल.
महापुराचं पाणी शिरलं, हळद कुजली,
वरती प्लॉट पडले.
पाया खणताना पोकळ लागलं
तर मुरूम ओततात दोन ट्रॉल्या.

फोटो नाही मिळाला. पुष्कळ शोधला.
सोसायटीच्या कसर लागलेल्या वहीत
एवढंच सापडलं:
बायजा भ्र. धोंडी, निशाणी डावा अंगठा.
शाईच्या रेघांमध्ये पिवळट काही.

तेच चौकटीत लावायला दिलं, पहिल्या पानावर.
संध्याकाळी छापखान्यातल्या पोराचा फोन आला,
मॅडम, फोटोच्या जागी एक डाग आलाय,
पुसून टाकू?