म्हाळाचं पान

पणज्याच्या म्हाळाला आमच्यात
वडे, खीर, गवारीची भाजी
आणि गंगावेशीतल्या बेकरीचा एक पाव.

शिपाई गुंडू खोराटे, मराठा पलटण.
इटलीच्या बर्फात, पदर नसलेल्या एका म्हातारीनं
शालीखालून काढून दिलेला अर्धा पाव
तो मरेपर्यंत सांगत राहिला.
मेडलांचं कधीच नाही.
ती बटणांच्या डब्यात आहेत.

भटजी दरवर्षी म्हणतात, हे शास्त्रात नाही.
थोरली काकी पान पुढं सरकवते,
"नसंल. आबांच्या पोटात हाय."

कौलावर कावळा.
वड्याकडं बघत नाही, खिरीकडं नाही.
आम्ही उन्हात हात जोडून,
पाय पोळतायत.
धाकटा विचारतो,
"त्या म्हातारीला कोण वाढतं?"

कुणीच बोलत नाही.
काकी खाली बसते,
पाव मोडून
दोन करते.