जंक्शन क्रमांक चार

कंपासची सुई टोचली होती आमच्या स्वयंपाकघरात.
मला ते कळलं आठवड्यानं,
जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून शाई उतरवताना:
टॅनर्स रो, घर नंबर एकोणीस,
शेगडीच्या जागी एक बारीक भोक.

बरो इंजिनियरच्या कचेरीत मी ट्रेसर होते.
आठ मुली, आठ तिरपी टेबलं,
घामाचा एक थेंब सांडला तर अख्खा दिवस वाया.
हेबलथ्वेट साहेब म्हणायचे, रेघेला मत नसतं, मिस नटॉल.
ओढली मी रेघ.
व्यास दोनशे दहा फूट. हात हलला नाही.

आणि तो गोल फसला.
कुणी कुणासाठी थांबायचं हे तेव्हा ठरलंच नव्हतं.
बाहेरचा घुसायचा, आतला अडकायचा,
बाजाराच्या शनिवारी सगळं चक्र
स्वतःचीच शेपूट गिळून बसायचं,
मग हवालदार क्लेग पांढरे हातमोजे काढून
निवांत सिगारेट शिलगावायचा.

पुढे नियम आला: उजवीकडून येणाऱ्याला आधी.
एवढाच.
रस्त्यावर एक तुटक रेघ,
आणि तिच्यापाशी येऊन लोक मान वळवायला शिकले.

मग एका रविवारी पहाटे साहेबांनी
जुने टायर मांडून, चुना फक्की मारून
गोल लहान केला,
रस्त्यांची तोंडं नरसाळ्यासारखी फाकवली.
बार्बेडोसहून आलेला युस्टस रिकामी बस घेऊन
अकरा फेरे फिरला, म्हणाला,
मागचं चाक अजून चढतंय.
टायर दोन हात मागे सरले.
ते दोन हात आजही तिथल्या कडेच्या दगडात आहेत,
फायलीत नाहीत.

मधे उंचवटा हवा, साहेब म्हणाले;
पलीकडचं दिसलं की माणूस हळू होत नाही.
गॅस कारखान्यामागे आमच्या गल्लीचा ढिगारा
सहा वर्षं पडून होता. तोच आणला.
विटा, धुराडी, मिसेस ऑल्डकॉर्नचं फुटकं सिंक,
आमची निळी फरशी.
वर नऊ इंच माती, वर कौन्सिलचं गवत.

पण पायथ्याशी, जिथे आमचं परसू होतं,
बाबांनी लावलेला रुबार्ब दर एप्रिलला येतो,
लाल देठांचा, बेशिस्त.
मुळं कुणी उपटलीच नव्हती.

तासाला चार हजार गाड्या, आत जायला वाट नाही.
नकाशात मीच ती काढली नव्हती.

म्हणून रविवारी पाच वाजता जाते,
पाव कापायची सुरी पिशवीत, गुडघा कुरकुरतो.
परवा परतताना दुधाची गाडी वळणावर थांबली.
पोरगा हसला, हात केला.
मी मधल्या बेटावरून उतरत होते,
म्हणजे त्याच्या उजवीकडून.
नियमच आहे तसा.
देठ सात निघाले; पायला आठ लागतात.