रात्रपाळीची वही

‘कुबल आजोबा पडले. इजा नाही.’
एवढं लिहून मी वही मिटली होती.

लोबो सिस्टरनी सकाळी ती उघडी ठेवली.
“कुठे पडले? पायात काय होतं?”
मी गप्प. तिसराच महिना नोकरीचा.

आजोबाच बोलले खाटेवरून,
कोपराला बर्फ धरून:
“गे बाय, माझी होडी आपाटली तेव्हा
वेंगुर्ल्याच्या बंदरात आधी ताच सांगितलंय,
खडप खंय आसा.
हसले माका.
पण फाटसून येतले ते वाचले.”

पेन पुन्हा उघडलं.

पहाटे तीन वीस. संडासाची पायरी.
लादी ओली. मीच पुसलेली.
दिवा गणपतीपासून गेलेला,
मला माहीत होतं.
डावं कोपर सुजलंय.

वायरमनला फोन लावताना
सिस्टरनी माझं नाव घेतलं नाही.