विरजण

हडर्सफील्डला, गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
आम्ही निरोप विकतो.
म्हणजे स्मशानगृहाच्या भिंतीवर बसवायचा काळा डबा,
ज्यातून ऑकलंडच्या मुलीला
बापाची शवपेटी दिसते, अडीच सेकंद उशिरा.

अठ्ठावीस डबे, यॉर्कशरभर.
आता कंपनी विकायचीय, म्हणून लीड्सहून वकीलबाई आल्या.
ओला रेनकोट मांडीवर तसाच धरून म्हणाल्या,
"डब्यात काय काय आहे?"
"सगळं आमचंच," डर्मट म्हणाला.
मी कीबोर्डवरचा बिस्किटाचा चुरा झटकत बसले.

चार वर्षांपूर्वी, रात्रीचे दोन.
सकाळी साडेनऊला पहिला अंत्यविधी
आणि चित्र दर मिनिटाला गोठत होतं.
बिल्डच्या ओळीत मी एक शब्द वाढवला,
कुणी परक्यांनी वर्षानुवर्षं घोटलेला एन्कोडर
आमच्या प्रोग्रॅममध्ये सोडला.
चित्र पाण्यासारखं वाहिलं.
परवाना होता की सोबत.
मी तो भराभर खाली सरकवला.

फुकट, असं मी समजले.
तिथं म्हटलं होतं, मुक्त.
वकीलबाईंच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द.
माझ्याकडे दोन होते, तरी चुकले.

सांगलीत गुळवणीकाकू वाटी घेऊन यायच्या विरजणाला.
नाही म्हणायचं नसतं,
कारण आपलंही कुणाकडून तरी आलेलं.
आणि चमचाभर पडलं की पातेलंभर दही.
मग यातलं माझं दूध कुठलं, ते गाळून काढून दाखवा.

"किती द्यायचे त्यांना?" डर्मटनं चेकबुकच काढलं.
"पैसे नकोत कुणाला.
ज्यानं डबा घेतला, त्यानं मागितला
तर आपला सगळा कोड द्यायचा."
"सगळा?"
"किंवा त्यांचा काढून टाकायचा. सहा महिने."
वकीलबाईंनी सहा लिहिलं, त्याभोवती गोल केला.

त्या गेल्यावर मी ती फाइल पहिल्यांदाच नीट उघडली.
मध्येच कुणीतरी लिहून ठेवलंय:
हे का चालतं मला कळलेलं नाही. चालतंय. झोपायला जातो.
खाली तारीख, नाव नाही.

सव्वातीनला बार्न्सलीचा विधी सुरू झाला.
पडद्यावर लिली, एक खोकला,
बघणारे सहा.
डर्मट म्हणतो, विक्री होईपर्यंत गप्प राहू.
मी पहिल्या पत्राचा मायना लिहून
तिथंच थांबलेय.